गोळीमागचा पुरावा

1949 साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. विषय होता सर्पगंधेची मुळी आणि वाढलेला रक्तदाब. सर्पगंधा आपल्याकडे नवी नव्हती. झोप उडाली, डोके फिरले, साप चावला की तिची मुळी उगाळून द्यावी, हे वैद्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी 1931 मध्येच तिच्यावर लिहिले होते. मनोविकार आणि रक्तदाब या दोहोंवर ती गुणकारी आहे असे त्यांचे निरीक्षण होते. मग वकिलांनी नवे काय केले? त्यांनी 50 रुग्ण घेतले, मुळीच्या गोळ्या ठरावीक मात्रेत दिल्या, रक्तदाब आधी किती होता आणि नंतर किती उतरला हे मोजले, आणि कोणाला कोणता त्रास झाला तेही नोंदवले. लंडनच्या किंवा बॉस्टनच्या डॉक्टरला हे वाचून स्वतः करून बघता येईल, अशा रीतीने ते मांडले. तीन वर्षांनी, 1952 मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या बाझेल इथे सिबा कंपनीच्या संशोधकांनी त्या मुळीतून रिसर्पिन हा शुद्ध पदार्थ वेगळा केला. 1957 मध्ये वकिलांना अमेरिकेचा प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

मुळी होती तीच होती. वाढली ती तिच्याविषयीची माहिती. या पुस्तकाला जे सांगायचे आहे ते सगळे या एका गोष्टीत आले. कोणाला द्यायचे, किती द्यायचे, किती दिवस, कशाबरोबर द्यायचे नाही आणि कधी थांबवायचे, याचा तपासलेला पुरावा पदार्थाला जोडला गेला की त्याचे औषध होते. पुरावा काढून घेतला तर हातात उरते ती नुसती भुकटी. फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधांचे शास्त्र, हा पुरावा कसा मिळवायचा आणि कसा वाचायचा ते शिकवते.

या शास्त्राची मांडणी दोन प्रश्नांवर उभी आहे. औषध शरीराचे काय करते? आणि शरीर औषधाचे काय करते? रुग्णाला पहिला प्रश्न सुचतो, दुसरा सहसा सुचत नाही. पण गोळी दिवसातून एकदा घ्यायची की तीनदा, जेवणाआधी की नंतर, ती गिळायची की जिभेखाली धरायची, हे बरेचसे दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते.

आधी पहिला प्रश्न घेऊ. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत फ्रीडरिश सर्ट्युर्नर या तरुण औषधविक्रेत्याने अफूतून मॉर्फिन वेगळे काढले. त्याआधी अफू देताना डॉक्टर अंदाजानेच चालत, कारण एका शेतातली अफू कडक, तर दुसऱ्या शेतातली सौम्य. शुद्ध पदार्थ हाती आला आणि पहिल्यांदाच मात्रा वजनात सांगता येऊ लागली. आज आपल्याला ‘पाच मिलिग्रॅम’ हे शब्द किरकोळ वाटतात. पण त्या शब्दांशिवाय दोन रुग्णांची, दोन दवाखान्यांची किंवा दोन देशांची तुलनाच करता येत नाही.

औषध शरीरात नेमके कुठे काम करते, याचा पहिला भक्कम धागा केंब्रिजच्या जॉन लँग्ली यांना 1905 मध्ये सापडला. निकोटीनने स्नायू आकसतो, आणि दक्षिण अमेरिकेतले आदिवासी बाणांना लावत ते क्युरारे नावाचे विष दिले की तो आकसायचा थांबतो. स्नायूकडे जाणारा मज्जातंतू आधीच निकामी झालेला असला तरी हेच घडते. म्हणजे दोन्ही पदार्थ थेट स्नायूवरच्या कुठल्या तरी ‘ग्रहण करणाऱ्या’ घटकाशी जोडले जात असले पाहिजेत, असा तर्क लँग्लींनी केला. आज आपण ज्याला रिसेप्टर म्हणतो तो हाच. पेशीवर किंवा पेशीच्या आत बसलेला, ठरावीक घडणीच्या रेणूलाच दाद देणारा हा प्रथिनाचा रेणू असतो. औषध त्याला चेतवते, नाही तर त्याची जागा अडवून बसते.

दम्याच्या पंपातले साल्ब्युटॅमॉल श्वासनलिकेवरच्या बीटा रिसेप्टरना चेतवते आणि नळ्या मोकळ्या करते. जेम्स ब्लॅक यांनी 1960 च्या दशकात घडवलेले प्रोप्रॅनोलॉल तसलेच रिसेप्टर अडवते. हृदयाची धडधड मंदावते, छातीतली कळ कमी होते. मात्र दम्याच्या रुग्णाला प्रोप्रॅनोलॉल दिले तर त्याच्या श्वासनलिका आवळू शकतात. हृदयाच्या दृष्टीने जो गुण, तोच फुप्फुसाच्या दृष्टीने दोष. दुष्परिणाम म्हणजे औषधात मिसळलेली काही तरी वेगळी वाईट गोष्ट, अशी समजूत सर्रास आढळते. पुष्कळदा तो औषधाचा मूळ परिणामच असतो, फक्त नको त्या जागी झालेला.

रिसर्पिनचेही तसेच झाले. मज्जातंतूंच्या टोकांशी नॉरॲड्रिनॅलिन, डोपामिन, सेरोटोनिन अशी संदेशवाहक रसायने साठवून ठेवलेली असतात. रिसर्पिन हे साठे भरू देत नाही. रक्तवाहिन्यांकडे जाणारे संदेश क्षीण होतात आणि रक्तदाब उतरतो. पण मेंदूतलेही साठे रिते होतात, म्हणून सुस्ती येते आणि जास्त मात्रेत काहींना मनाची उदासी घेरते. 1957 मध्ये स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी रिसर्पिनने निपचित पडलेल्या सशांना, शरीर ज्यापासून डोपामिन बनवते ते लेव्होडोपा टोचले आणि थोड्याच वेळात ते ससे पुन्हा हालचाल करू लागले. त्यातून मेंदूतल्या डोपामिनचे महत्त्व कळले, पार्किन्सनच्या आजारावर लेव्होडोपा आले आणि 2000 मध्ये कार्लसन नोबेल पुरस्काराचे मानकरी ठरले. औषधाने रोग आटोक्यात येतो, हे आपण धरूनच चालतो. शरीराचे चालणे समजून घेण्याचे ते एक हत्यारही आहे, हे रिसर्पिनच्या या प्रवासाने दाखवून दिले.

मात्रेचा मुद्दा जितका जुना तितकाच आजचा आहे. योग्य रीतीने वापरले तर विषही औषध होते आणि अयोग्य रीतीने वापरलेले औषधही विष होते, हा विचार चरकसंहितेत आहे. सोळाव्या शतकात युरोपात पॅरासेल्ससनेही विष आणि औषध यांतली सीमा मात्राच ठरवते असे बजावले होते. आपल्या घरातले याचे उदाहरण म्हणजे पॅरासिटॅमॉल. प्रौढ, निरोगी माणसाने दिवसभरात चार ग्रॅमच्या आत घेतले तर हे अत्यंत भरवशाचे औषध आहे. यकृत त्याचा बहुतेक भाग बिनधोक वाटेने निकालात काढते. थोड्या भागाचे मात्र विषारी रसायन बनते आणि ते शांत करण्यासाठी यकृताकडे मर्यादित साठा असतो. मात्रा फार वाढली की तो साठा संपतो आणि यकृताच्या पेशी मरू लागतात. मुद्दाम विष घेतल्यावरच असे होते असे नाही. तापाची गोळी एका नावाची, सर्दीची दुसऱ्या नावाची, अंगदुखीची तिसऱ्या नावाची, आणि तिन्हींत पॅरासिटॅमॉल, असा प्रकार आपल्या घरांत सहज घडतो.

काही औषधांत उपयोगी मात्रा आणि घातक मात्रा यांत ऐसपैस अंतर असते; डिगॉक्सिन, लिथियम, वॉर्फरिन यांच्यात ते अगदी चिंचोळे असते. म्हणूनच ही औषधे घेणाऱ्यांच्या रक्ताची वारंवार तपासणी होते. उलट ॲस्पिरिनची मात्रा बदलली की कामच बदलते. डोकेदुखीला तीनशे मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त लागते. हृदयविकार असलेल्याला रोज 75 मिलिग्रॅम पुरते. ॲस्पिरिन रक्तातल्या बिंबाणूंमधले एक एन्झाइम कायमचे बंद पाडते. बिंबाणूंना केंद्रक नसल्यामुळे ते नवे एन्झाइम बनवू शकत नाहीत, आणि त्यांचे आयुष्य जेमतेम आठ-दहा दिवसांचे असते. त्यामुळे रोजच्या छोट्या मात्रेने नव्याने तयार झालेले बिंबाणू तेवढे गाठले की काम भागते.

आता दुसरा प्रश्न. गोळी पोटात गेली की ती आतड्यातून शोषली जाते, रक्तातून सगळीकडे पसरते, यकृतात तिची मोडतोड होते आणि मूत्रपिंडावाटे किंवा पित्तावाटे ती बाहेर पडते. यांतली प्रत्येक पायरी औषधागणिक वेगळी. आतड्यातले रक्त आधी यकृतात जाते, आणि काही औषधे त्या पहिल्याच फेरीत जवळजवळ नष्ट होतात. छातीत कळ आली की सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली ठेवायला सांगतात ती एवढ्यासाठी: तिथल्या रक्तवाहिन्यांतून औषध यकृताला वळसा घालून थेट हृदयाकडे जाते, आणि लवकर जाते.

शरीरातून औषध किती वेगाने जाते हे अर्ध-आयूवरून कळते. रक्तातली पातळी निम्म्यावर यायला लागणारा वेळ म्हणजे अर्ध-आयू. पॅरासिटॅमॉलची ती दोन-तीन तास, तर रक्तदाबावरच्या ॲम्लोडिपिनची तीस ते पन्नास तास. गच्चीवरच्या टाकीला तळाशी भोक असावे आणि वरून ठरावीक धारेने पाणी पडत राहावे, तसे हे आहे: पाणी जसे चढते तसा भोकातून जाण्याचा जोर वाढतो आणि शेवटी येणारे-जाणारे सारखे होऊन पातळी एका जागी ठरते. औषधाची पातळी अशी स्थिरावायला साधारण चार-पाच अर्ध-आयू लागतात. म्हणजे ॲम्लोडिपिन सुरू केल्यावर आठवडाभर वाट पाहावी लागते. दुसऱ्या दिवशी रक्तदाब मोजून ‘ही गोळी लागू पडत नाही’ असा निकाल देणे घाईचे. एखादा दिवस चुकला म्हणून दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या घेणेही त्याच कारणाने अडाणीपणाचे. सगळी औषधे या हिशेबाला बांधील नसतात. रिसर्पिन रक्तातून दिसेनासे झाल्यावरही रिते झालेले साठे भरायला दिवस, कधी आठवडे लागतात.

आणि शरीरे सारखी नसतात. वयाबरोबर मूत्रपिंडाची गती उतरते, म्हणून आजोबांना नातवाची मात्रा चालत नाही. लहान मुलांचे यकृत वेगळ्या वेगाने काम करते. क्षयरोगावरचे आयसोनियाझिड काही लोकांच्या शरीरातून झपाट्याने जाते, काहींच्या शरीरात रेंगाळते. हा फरक जन्मतःच ठरलेला असतो. मलेरियावरचे प्रायमाक्विन जी-सिक्स-पी-डी या एन्झाइमची कमतरता असलेल्यांच्या तांबड्या पेशी फोडते. एक औषध दुसऱ्याच्या आड येते ते निराळेच. क्षयावरचे रिफॅम्पिसिन यकृताला इतके तरतरीत करते की गर्भनिरोधक गोळ्या वेळेआधीच मोडल्या जातात आणि निष्प्रभ ठरतात. क्षयाचे उपचार घेणाऱ्या किती स्त्रियांना हे सांगितले जाते, हा प्रश्न इथे विचारून ठेवतो.

आता नव्या औषधाच्या जन्माकडे वळू. नवे औषध प्रयोगशाळेत एका तेजस्वी क्षणी सापडते, अशी एक कल्पना चित्रपटांनी रुजवली आहे. प्रत्यक्षात बहुतेक काळ नकार ऐकण्यात जातो. जपानमधल्या सांक्यो कंपनीतल्या अकिरा एंडो यांनी कोलेस्टेरॉल बनवणारे एन्झाइम अडवील असा पदार्थ शोधायला सहा हजारांहून अधिक बुरश्या तपासल्या. 1973 मध्ये एका निळसर-हिरव्या बुरशीत तो सापडला. उंदरांना दिला, तर त्यांचे कोलेस्टेरॉल हललेच नाही. इथेच प्रकरण बंद झाले असते. पण एंडोंनी तो अंडी घालणाऱ्या कोंबड्यांना देऊन पाहिला आणि त्यांच्या रक्तातले कोलेस्टेरॉल उतरले. उंदराचे यकृत ते एन्झाइम जास्तीचे तयार करून औषधावर मात करते, हे नंतर कळले. हेच एन्झाइम अडवणाऱ्या स्टॅटिन वर्गातले पहिले औषध, लोव्हास्टॅटिन, बाजारात यायला 1987 साल उजाडले. चीनमध्ये तू यूयू यांनी जुन्या ग्रंथांतल्या नोंदीवरून वनस्पती निवडली, उकळण्याऐवजी कमी तापमानाला ईथरने तिचा अर्क काढला आणि मलेरियावरचे आर्टेमिसिनिन मिळवले. 2015 चा नोबेल त्यांना मिळाला. जुने ज्ञान अशा वेळी दिशा दाखवते. पुराव्याची वाट मात्र स्वतःच चालावी लागते.

आजची रीत साधारण अशी. रोगात महत्त्वाचा असणारा एखादा रिसेप्टर किंवा एन्झाइम निवडायचा. हजारो रेणू त्यावर तपासायचे. त्यातले मोजके घेऊन त्यांची रचना थोडी थोडी बदलत जायची, म्हणजे ते शोषले जावेत, टिकावेत, विषारी ठरू नयेत. मग पेशींवर आणि प्राण्यांवर चाचण्या. त्यानंतर माणसे. पहिल्या टप्प्यात मोजके, फार तर शंभर स्वयंसेवक, बहुधा निरोगी. इथे प्रश्न सुरक्षिततेचा आणि शरीर औषधाचे काय करते त्याचा. दुसऱ्या टप्प्यात शे-दोनशे ते काहीशे रुग्ण. काम होते का, आणि कोणत्या मात्रेला. तिसऱ्या टप्प्यात शेकडो ते हजारो रुग्ण आणि प्रचलित उपचाराशी किंवा निष्क्रिय गोळीशी थेट तुलना. माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोहोचलेल्या दहा औषधांतले साधारण एकच शेवटी बाजारात येते, आणि या सगळ्याला दहा ते पंधरा वर्षे लागतात.

पहिला टप्पा छोटा असला तरी धोक्याचा असतो. मार्च 2006 मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारातल्या चाचणीकेंद्रात सहा निरोगी तरुणांना टीजीएन 1412 हे नवे प्रतिपिंड टोचले. प्राण्यांत निर्धोक ठरलेल्या मात्रेच्या पाचशेव्या भागाइतकीच ती मात्रा होती. काही तासांत सहाही जणांची अवयवसंस्था कोलमडू लागली. ते वाचले, पण अतिदक्षता विभागातून. माणसाची प्रतिकारशक्ती माकडाच्या प्रतिकारशक्तीसारखी वागली नव्हती. त्यानंतर, पहिल्यांदा माणसाला औषध देताना एका वेळी एकालाच द्यावे आणि पुढच्याला देण्याआधी वाट पाहावी, ही शिस्त कडक झाली.

तिसऱ्या टप्प्याचा कणा म्हणजे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे केलेली वाटणी. वकिलांच्या 50 रुग्णांच्या अभ्यासात ती नव्हती, आणि ही त्या पुराव्याची मर्यादाच होती. रक्तदाब स्वभावतःच खालीवर होतो; बरे वाटण्यात डॉक्टरांवरच्या विश्वासाचा वाटा असतो; आणि कोणत्या रुग्णाला औषध द्यायचे हे डॉक्टरने ठरवले की नकळत तब्येतीने बरे असलेलेच निवडले जातात. यावर उपाय म्हणजे निवड माणसाच्या हातातून काढून घेणे. 1948 मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने क्षयरोगावर स्ट्रेप्टोमायसिनची अशी चाचणी प्रसिद्ध केली. तिची आखणी संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांची. औषध इतके दुर्मीळ होते की सगळ्यांना देणे शक्यच नव्हते. सहा महिन्यांत स्ट्रेप्टोमायसिन मिळालेल्या 55 पैकी 4 जण दगावले, नुसती विश्रांती मिळालेल्या 52 पैकी 14. औषध लागू पडते, यात शंका उरली नाही. पण जंतू त्याला सरावले आणि पाच वर्षांनी दोन गटांतला फरक जवळजवळ पुसला गेला. क्षयावर एकटे औषध देऊ नये हा धडा तिथून आला. पुढे 1959 मध्ये मद्रासच्या अभ्यासाने दाखवले की योग्य औषधे नियमित घेतली तर घरी राहूनही क्षयरोगी सॅनेटोरियममधल्या रुग्णाइतकाच बरा होतो. त्या एका भारतीय अभ्यासाने जगभरच्या क्षयरोग्यांना घरापासून तोडणारी पद्धत मागे पडली.

आकडा सुधारला म्हणजे माणूस सुधारला का, हा प्रश्नही चाचणीनेच सुटतो. रक्तदाब उतरवणारी औषधे आली तरी, तो उतरवल्याने आयुष्य वाचते का, याबद्दल बरीच वर्षे मतभेद होते. 1967 मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी 143 पुरुषांवरचा अभ्यास मांडला. फार वाढलेल्या रक्तदाबाच्या या रुग्णांपैकी निम्म्यांना खरी औषधे मिळाली, निम्म्यांना निष्क्रिय गोळ्या. निष्क्रिय गोळ्यांच्या गटात 27 जणांना गंभीर गुंतागुंत झाली, औषधाच्या गटात 2 जणांना. त्या औषधांत एक रिसर्पिन होते. सर्पगंधेचा पुरावा इथे खऱ्या अर्थाने पुरा झाला. याच्या उलट उदाहरण 1989 चे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर हृदयाचे चुकार ठोके थांबवणारी दोन औषधे दिली जात होती. आलेखावर ठोके सुधारलेले दिसत. चाचणी घेतली तेव्हा औषध घेणारेच जास्त मेलेले आढळले. आलेख सुधारला होता, रुग्ण दगावला होता.

औषधांचे कायदे आपोआप शहाणपण सुचून झालेले नाहीत. बहुतेक कायद्यांमागे मृत्यू आहेत. 1937 मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइडचे पातळ औषध डायइथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रवात विरघळवून विकले गेले आणि शंभरावर माणसे दगावली. पुढच्याच वर्षी, सुरक्षितता दाखवल्याशिवाय औषध विकायचे नाही, असा कायदा तिथे झाला. 1957 मध्ये पश्चिम जर्मनीत आलेले थॅलिडोमाइड गरोदर स्त्रियांना मळमळीसाठी दिले गेले. दहा हजारांहून अधिक मुले हातापायांची वाढ न होता जन्मली. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी या अधिकारी बाईंनी पुरावा अपुरा म्हणून परवानगी अडवून धरली आणि तो देश बहुतांशी वाचला. 1962 च्या दुरुस्तीने औषध गुणकारी असल्याचा पुरावाही सक्तीचा झाला. भारतात कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या समितीच्या शिफारशींतून 1940 चा औषध कायदा आला. सर्पगंधेवर सुरुवातीचे प्रयोग करणाऱ्यांत हेच चोप्रा होते. कायदा असूनही 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरॉलने 14 रुग्ण दगावले. भेसळ डायइथिलीन ग्लायकॉलचीच, म्हणजे 1937 मधलेच विष. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्या प्रकरणातली खरेदीची, तपासणीची आणि देखरेखीची अनास्था उघडी पाडली. तेच रसायन अलीकडच्या वर्षांतही खोकल्याच्या औषधांत सापडते, याला शास्त्राचे अज्ञान म्हणता येणार नाही. माहीत असलेली तपासणी न करणे, एवढेच त्याचे नाव.

औषध बाजारात आले म्हणजे पुरावा संपला असे नाही. तीन हजार रुग्णांत न दिसलेला धोका तीन लाखांत दिसतो. सांधेदुखीवरचे रोफेकॉक्सिब पाच वर्षे जगभर खपल्यावर हृदयविकाराच्या धोक्यामुळे 2004 मध्ये मागे घेतले गेले. उलट दिशेनेही चूक होते: 1974 मध्ये रिसर्पिनमुळे स्तनांचा कर्करोग होतो असे तीन अभ्यासांनी सुचवले, खळबळ उडाली, आणि पुढच्या अधिक काटेकोर अभ्यासांत तो संबंध टिकला नाही. तोवर नवी, कमी सुस्ती आणणारी औषधे आली होती. एके काळी आपल्या घरोघरी असणाऱ्या ॲडेल्फेनच्या गोळीत रिसर्पिनच होते. आज ती क्वचित दिसते. थॅलिडोमाइड मात्र परतले. कुष्ठरोगातल्या एका वेदनामय प्रतिक्रियेवर ते उपयोगी पडते हे 1960 च्या दशकात दिसले, आणि आज अस्थिमज्जेच्या कर्करोगावरही ते दिले जाते, गर्भधारणा टाळण्याच्या अत्यंत कडक अटींसह. रेणू तोच. त्याच्याभोवतीचे ज्ञान आणि शिस्त बदलली.

पुराव्याला किंमत पडते, आणि ती कोणी सोसायची हा राजकारणाचा प्रश्न आहे. एका नव्या औषधामागचा खर्च काही कोटी डॉलरपासून दोन अब्ज डॉलरच्या पुढेपर्यंत सांगितला जातो. हिशेबाची पद्धत बदलली की आकडा बदलतो. कंपन्या तो पेटंटच्या काळात वसूल करतात. भारताने 1970 च्या पेटंट कायद्यात औषधाच्या पदार्थावरचे पेटंट नाकारले आणि केवळ प्रक्रियेवरचे मान्य केले. त्यातून स्वस्त जेनेरिक औषधांचा उद्योग उभा राहिला. 2001 मध्ये मुंबईच्या सिप्लाने एड्सवरची तीन औषधांची जोडणी वर्षाला 350 डॉलरमध्ये देऊ केली, तेव्हा मूळ कंपन्यांचा दर दहा हजार डॉलरच्या घरात होता. 2005 पासून पदार्थावरची पेटंटे पुन्हा लागू झाली. जेनेरिक म्हणजे दुय्यम, असा समज अजून आहे. जेनेरिकला मूळ औषधाइतकीच पातळी, तितक्याच वेळात रक्तात गाठून दाखवावी लागते. शंका असेल तर ती दर्जाच्या तपासणीबद्दल असावी, जेनेरिक या कल्पनेबद्दल नसावी.

आपण नक्कल उत्तम केली, नवनिर्मिती थोडी. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये पेनिसिलिन बनू लागले आणि तिथेच हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधले गेले. रिसर्पिन वेगळे काढणाऱ्या सिबाने 1963 मध्ये गोरेगावला संशोधन केंद्र उघडले. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने ‘सहेली’ ही स्टिरॉइडविरहित गर्भनिरोधक गोळी दिली. ही यादी आणखी लांबवता येईल, पण देशाच्या आकाराच्या मानाने ती तोकडीच राहील. वनस्पतींची आणि वैद्यकाच्या परंपरेची कमतरता आपल्याला कधीच नव्हती. वकिलांसारखे मोजून, नोंदवून, जगासमोर ठेवणारे कमी पडले.

पुस्तकाचे तीन भाग आहेत: पहिल्यात औषध शरीरात काय करते, दुसऱ्यात शरीर औषधाचे काय करते, तिसऱ्यात नवे औषध कसे घडते आणि कसे तपासले जाते. रसायनशास्त्राचे ज्ञान गृहीत धरलेले नाही. हे वाचून कोणी स्वतःवर उपचार करू नयेत. डॉक्टरांशी अधिक नेमके बोलता यावे, एवढाच हेतू आहे.

वाचकाला एक विनंती. घरातल्या प्रत्येकाच्या औषधांची एक यादी करा: कंपनीचे नाव नको, मूळ औषधाचे नाव, मात्रा आणि सुरू केल्याची तारीख. ती प्रत्येक डॉक्टरला दाखवा, काढे आणि चूर्णे धरून. नव्या औषधाने काही त्रास झाला तर तो दैवावर सोडू नका. डॉक्टरांना सांगा, किंवा भारताच्या औषध-सुरक्षा कार्यक्रमाच्या 1800-180-3024 या मोफत क्रमांकावर कळवा. सर्वसामान्य रुग्णालाही ही नोंद करता येते. औषधांचा पुरावा अशाच नोंदींनी पुरा होतो, आणि त्यात तुमचीही नोंद असायला हवी.